पाटी झाकली, दार तसेच

शेजारच्या काकू परवा समाधानाने म्हणाल्या, "सर, आमच्या वाय-फायचं नाव आता कुणालाच दिसत नाही. जावईबापूंनी लपवून दिलंय. आता चोरीची भीती नाही ना?"

काकूंचे समाधान मोडणे जिवावर आले, पण मोडावे लागले.

बेळगावच्या बसस्थानकावर कंडक्टर "खानापूर, खानापूर" असा पुकारा करतो, तसाच पुकारा घरातला राउटर दिवसरात्र करत असतो. सेकंदाला साधारण १० वेळा तो रेडिओलहरींवरून एक छोटी घोषणा सोडतो. तिला 'बीकन' म्हणतात. नेटवर्कचे नाव, कोणकोणते वेग चालतील, कुलूप कोणत्या प्रकारचे, हे सारे तीत असते. मोबाइल या घोषणा ऐकतो आणि पडद्यावर नावांची यादी मांडतो.

या नावाला जागा मात्र ३२ बाइटांचीच. इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो. देवनागरी किंवा कन्नड अक्षराला ३ लागतात आणि काना-वेलांटीलाही वेगळे ३. म्हणून घराच्या पाटीवरचे 'मातृकृपा' २४ बाइटांत मावते, 'मातृकृपा निवास' मावत नाही!

नाव लपवले म्हणून ही घोषणा थांबत नाही. फक्त नावाची जागा रिकामी जाते. बोर्ड नसलेल्या बससारखे होते. मग प्रवाशालाच विचारत फिरावे लागते. आपला फोन तेच करतो. "मातृकृपा आहे का?" अशी हाक तो घरातच नव्हे, बाजारात आणि प्रवासातही देऊ शकतो. ऐकणाऱ्याला लपवलेले नाव आयते कळते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाव ही ओळख नव्हे. एकच नाव कितीही राउटरना देता येते. मोठ्या कॉलेजात याचा फायदा होतो. या इमारतीतून त्या इमारतीत गेलो तरी फोन जोडलेला राहतो. पण लॉजमधल्या बिनपासवर्डच्या वाय-फायला फोन एकदा जोडला असेल, तर त्याच नावाने दुसरा कोणीही "हौद्री, बर्री" म्हणू शकतो, आणि फोन आपल्याला न विचारता त्याच्या मागे जातो.

पासवर्ड असला की चित्र बदलते. फोन आणि राउटर दोघेही, पासवर्ड उघड न सांगता, तो आपल्याला ठाऊक असल्याचे एकमेकांना पटवतात. पासवर्ड ठाऊक नसलेला तोतया तिथेच अडतो.

तेव्हा नाव खुशाल दिसू द्या. त्यात मोबाइल नंबर किंवा घर क्रमांक घालू नका. कुलूप डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ साली आलेले डब्ल्यूपीए-३ निवडा, पासवर्ड लांब ठेवा. प्रवासात जोडलेली उघडी नेटवर्क फोनमधून काढून टाका.

काकूंचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलून दिला. जुना होता नातवाचे नाव आणि पुढे १२३. नातवाला दिवसातून १० वेळा गॅलरीतून हाक मारली जाते. साऱ्या गल्लीला तो पासवर्ड पाठ होता.