परीक्षा आली, की मराठी सुटते!

दरवर्षी सप्टेंबर उजाडला, की आपल्या वर्गात दोन-तीन खुर्च्या रिकाम्या होतात. चौकशी केली की ठरलेले उत्तर मिळते. "यंदा जीसीएसई आहे ना, म्हणून मराठीला सुट्टी." हे वाक्य मी स्वतःही एकदा म्हटले आहे, म्हणून त्याविषयी लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे.

माझी थोरली मुलगी इयर इलेव्हनमध्ये गेली, तेव्हा मी तिचा रविवारचा वर्ग बंद केला. माझा हिशेब सरळ होता. मराठीचे दोन तास वाचतील आणि ते अभ्यासाला मिळतील. प्रत्यक्षात ते दोन तास झोपेला मिळाले! रविवारी बाईसाहेब अकराला उठू लागल्या. उरलेला दिवस वही उघडून रंगरंगोटीत जायचा. गुलाबी हायलायटर व्याख्यांना, पिवळा तारखांना, हिरवा सूत्रांना. वही दिवाळीच्या रांगोळीसारखी दिसे. मग मॉक परीक्षा झाली आणि केमिस्ट्रीचा पेपर हातात आला. ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, वाचताना मला सगळं येत होतं गं!"

मुलांनो, "वाचताना येत होतं" ही मोठी फसवी गोष्ट आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून, मिटवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते!

म्हणून माझे सांगणे अगदी साधे आहे. धडा वाचा, पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरा. ते लाल म्हणजे तुमचा खरा अभ्यास. दोन दिवसांनी तेच पुन्हा करा, मग आठवड्याने. शिकलेले सुरुवातीला सर्वांत वेगाने विसरते, हे जर्मनीच्या एबिंगहाउसने १८८५ सालीच मोजून दाखवले होते. आपल्या आजीआजोबांच्या शाळेत रोज संध्याकाळी पाढे म्हणून घेत, ते काही उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट पास्ट पेपरची. परीक्षा मंडळांच्या वेबसाइटवर जुने पेपर आणि ते कसे तपासले याची मार्क स्कीम फुकट मिळते. बहुतेक मंडळांत गणिताचे दीड-दीड तासांचे तीन पेपर असतात. घड्याळ लावून एक पेपर सोडवा आणि स्वतःच परीक्षक होऊन तपासा. उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल तर गुण मिळतात, हे तेव्हा समजते. प्रश्नातले क्रियापदही नीट पाहा. 'वर्णन करा' आणि 'कारणे द्या' यांतला फरक आपल्या मराठीच्या बाईंनी किती वेळा सांगितला आहे! इंग्रजी पेपरातही नेमके तेच असते.

आता पालकांशी थोडे बोलते. आपल्यापैकी बहुतेकांची दहावी महाराष्ट्रात झाली. मार्चचे ते दिवस, अपेक्षित प्रश्नसंच, गुणवत्ता यादीतल्या मुलांचे पेपरात छापून आलेले फोटो, हे सारे आपल्या मनात अजून बसलेले आहे. इथली परीक्षा वेगळी. १९८८ साली पहिल्यांदा झालेली ही जीसीएसई आता इंग्लंडमध्ये ९ ते १ अशा श्रेणींनी मोजतात आणि पेपर मे-जूनमध्ये आठवडेच्या आठवडे चालतात. इतक्या लांब पल्ल्याला शेवटच्या महिन्याची धावपळ पुरत नाही. २०२० आणि २०२१ साली तर कोरोनामुळे परीक्षाच झाल्या नाहीत आणि शिक्षकांच्या मूल्यमापनावर श्रेणी द्याव्या लागल्या. जी मुले सगळा भरवसा मे महिन्यावर ठेवून बसली होती, त्यांना तो मे मिळालाच नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, ते यासाठीच.

मग मराठीचे काय? गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू या भाषांची जीसीएसई देता येते, मराठीची नाही. "आई, मराठीचे मार्क कुठे धरतात?" असे मुले विचारतात, तेव्हा आपल्याकडे उत्तर नसते. म्हणून वेळ कमी पडला की पहिली कुऱ्हाड मराठीवर पडते. पण आठवड्याचे तास १६८ आणि मराठीचे दोन. उरलेल्या १६६ तासांत ज्याला अभ्यासाची शिस्त लागली नाही, त्याला या दोन तासांनी काय लागणार?

माझ्या मुलीने पुढे कोऱ्या कागदाची सवय लावून घेतली आणि तिची परीक्षा चांगली झाली. मराठीचा वर्ग मात्र सुटला तो सुटलाच. त्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला गेलो. आजीने विचारलेले तिला समजे, पण उत्तर इंग्रजीतच येई. दोघी हसून एकमेकींकडे पाहत आणि मग माझ्याकडे पाहत. माझ्याच आई आणि माझ्याच मुलीच्या मध्ये मी दुभाषी झाले. त्या दोन तासांची खरी किंमत मला तेव्हा कळली.

धाकटा आता इयर टेनमध्ये आहे आणि वर्गाला येतो. दर रविवारी फोनवर तो आजीला आठवड्यातला एक धडा मराठीत समजावून सांगतो. पाठ केलेली इंग्रजी वाक्ये तिथे चालत नाहीत. समजले असेल तरच सांगता येते. परवा ऑस्मोसिस होते. "आजी, मनुका भिजत घातल्या की फुगतात ना, तसं," तो म्हणाला. आजी म्हणाली, "अरे, मग कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, ते उलटं का?" चिरंजीव गप्प! फोन ठेवून पुस्तक काढले, वाचले आणि पुन्हा फोन लावला. "आजी, उलटं नाही, तेच आहे. फक्त मीठ बाहेर आहे, म्हणून पाणी बाहेर येतं." तो धडा आता तो जन्मभर विसरणार नाही. आजीही नाही!

तेव्हा पालकहो, "किती मार्क मिळाले?" याऐवजी रोज रात्री जेवताना "आज काय शिकलास, मला समजावून सांग" असे म्हणा, आणि मराठीत म्हणा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा नियम करा, आणि तो आपणही पाळा. रविवारचे दोन तास मात्र मुलांकडून काढून घेऊ नका.

यंदाच्या सर्व परीक्षार्थींना मनापासून शुभेच्छा! रविवारी वर्गात भेटूच.

— एक पालक