टाकून ठेवायला काय जाते?

दिवाळीच्या फराळाला चार घरे हिंडणाऱ्या माणसाला चकली-कडबोळ्यांखेरीज हल्ली आणखी एक पदार्थ हमखास चाखावा लागतो. तो म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या वार्ता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांची मुले दूर आहेत त्यांनी मुलांविषयी बोलायचे नाही, तर काय भाजणीच्या प्रमाणाविषयी बोलायचे? माझे भांडण आहे ते या गप्पांत ऐकू येणाऱ्या एका वाक्याशी. मुलगी तिकडची नागरिक झालेली असते, धाकटा तिकडेच शिकत असतो, आणि कोणी तरी वडीलधारे गृहस्थ चहाचा कप खाली ठेवून म्हणतात, "अहो, ताईला सांगा, भावाच्या नावाने एक अर्ज टाकून ठेव म्हणावे. टाकून ठेवायला काय जाते?"

काय जाते ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

आधी हा अर्ज काय चीज आहे ते पाहू. एकवीस वर्षे पुरी झालेल्या अमेरिकन नागरिकाला आपल्या भावंडाला कायमचे बोलावून घेण्यासाठी तो करता येतो. नुसत्या ग्रीन कार्डाने भागत नाही. नागरिकत्वच लागते, म्हणजे आपल्या लेकीचे भारतीय नागरिकत्व तोवर गेलेले असते. आणि भाऊ म्हणजे सख्खा किंवा सावत्र. ज्याला ती लहानपणापासून ओवाळीत आली तो आतेभाऊ, मामेभाऊ किंवा चुलतभाऊ त्या सरकारच्या लेखी भाऊच नव्हे!

१९४६ च्या कायद्याने साऱ्या हिंदुस्थानातून वर्षाला शंभर माणसे घेणाऱ्या त्या देशाने १९६५ साली वंशावर बेतलेले कोटे मोडले आणि नात्यागोत्याला मोठे प्राधान्य दिले. हे ऐकून कोणी डोळे पुसायला नकोत. ओहायोचे प्रतिनिधी मायकेल फीगन यांनी नात्यावर जो भर दिला, तो गोऱ्यांचे नातेवाईक गोरेच असणार या हिशेबाने, असे इतिहासकार सांगतात. हिशेब चुकला आणि आशियातले भाऊबहीण आले, ही गोष्ट निराळी. पुढे १९९० च्या कायद्याने भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० जागा ठेवल्या. त्यांत भावाच्या बायकामुलांचीही मोजदाद होते, शिवाय दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहेच. परिणाम असा, की २०२५ साली आपल्याकडच्या लोकांत पाळी आली ती २००६ मध्ये अर्ज केलेल्यांची! पंचविशीतल्या पोरासाठी आज अर्ज केला, तर पाळी येईपर्यंत त्याने चाळिशी केव्हाच ओलांडलेली असणार, आणि त्याची स्वतःची मुले एकविशीपलीकडे गेली तर ती बहुधा मागेच राहणार. तीही रांग टिकली तर. १९९५ साली बार्बरा जॉर्डन यांच्या आयोगाने हा वर्गच बंद करावा अशी शिफारस केली होती. २०१३ साली सेनेटने तशी तरतूद असलेले विधेयक मंजूरही केले. दुसऱ्या सभागृहात ते अडकले म्हणून वाचलो.

"असेना का, नंबर तर लागतो!" गृहस्थ म्हणतात.

लागतो. पण तो कोणाच्या गळ्यात लागतो? नोकरीवर गेलेल्या माणसाचे एक वेळ चालेल. विद्यार्थ्याचे तसे नाही. तिथल्या १९५२ च्या कायद्याचे कलम २१४ (ब) असे गृहीत धरते, की व्हिसा मागणारा जवळजवळ प्रत्येक जण कायमचा राहायलाच येत आहे. तसे नाही हे ज्याचे त्याने पटवून द्यायचे. विद्यार्थ्याने तर आपले घर मायदेशी आहे, ते सोडण्याचा विचार नाही, असेच सांगायचे असते. आता पाहा मौज! धाकटा खिडकीपाशी उभा राहून सांगणार, 'मी परत जाणार', आणि ताईचा कागद सरकारच्या दप्तरात सांगणार, 'हा कायमचा यायचा आहे'. एकाच घरातून निघालेली ही दोन वचने. अर्ज आहे म्हणून व्हिसा नाकारतातच असे नाही. पण संशयाला पुरावा आपणच पुरवलेला असतो, तोही सहाशे डॉलरांवर फी भरून.

आणि इतके करून पदरात काय पडते? त्या अर्जाच्या बळावर त्याला शिक्षण संपल्यावर एक दिवसही अधिक राहता येत नाही. पाळी येईपर्यंत तो अर्ज ना नोकरीचा परवाना देतो, ना राहण्याचा हक्क. पुष्कळ घरांत हे ठाऊकच नसते. 'पेपर टाकलेत' एवढे मात्र लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांना आवर्जून ऐकवले जाते.

आमच्या आळीतले एक कुटुंब सांगतो. तिथली दोन्ही मुले माझ्या वर्गात बसलेली. थोरली लग्न होऊन गेली आणि तिकडची झाली. धाकटा २०१८ साली पाच वर्षांच्या व्हिसावर शिकायला गेला आणि पुढे पीएच.डी.ला लागला. २०२२ च्या दिवाळीत ताई माहेरी आली होती. अण्णांनी विषय काढला. ती म्हणत होती, "अण्णा, त्याला एकदा विचारू या." त्या वेळी चहाचा कप खाली ठेवून 'टाकून ठेवायला काय जाते?' म्हणणारा गृहस्थ मीच होतो. मास्तर म्हणताहेत म्हटल्यावर पोर गप्प बसली. परत गेल्यावर तिने अर्ज केला.

२०२३ मध्ये धाकट्याच्या व्हिसाची मुदत संपली. तिकडे असेपर्यंत त्याचे काही अडत नाही. शिक्षण चालू आहे तोवर राहता येते. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकले, की परत शिरायला नवा व्हिसा हवा, आणि त्याच्या फॉर्मवर स्वच्छ प्रश्न आहे: तुमच्यासाठी कोणी कायम वास्तव्याचा अर्ज कधी केला आहे काय? 'नाही' म्हणावे तर ते खोटे, आणि खोटे उघडकीस आले तर दारे कायमची बंद होण्याची वेळ. 'होय' म्हणावे तर समोरच्या अधिकाऱ्याची मर्जी.

२०२४ च्या श्रावणात अण्णा गेले. धाकट्याने वकिलाला विचारले. वकील म्हणाला, "मिळेलही. हमी देत नाही." चार वर्षांचे संशोधन एका खिडकीवर पणाला लावायचे होते. तो आला नाही. आळीत लोक काय काय बोलले ते लिहीत नाही. बोलणाऱ्यांना कलम २१४ माहीत नव्हते, आणि मला माहीत होऊनही मी तोंड उघडले नाही. ताई आली. तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट होता, तिला परत जाताना कोण विचारणार? अग्नी तिने दिला. भावाने फोनच्या पडद्यावर पाहिला.

कोणी म्हणेल, मास्तर, एका घरावरून नियम काय करता? नियम करीत नाही. भावंडांनी जवळ राहू नये असेही माझे म्हणणे नाही. अर्ज करायचा तर भावाचे शिक्षण संपून त्याचे बस्तान कुठे तरी बसू द्यावे, मग त्याला विचारून करावा. ताईलाही विचारावे, कारण पाळी आली की भावाच्या पोटापाण्याची हमी तिला कायदेशीर सहीने द्यावी लागते, आणि ती बहुधा वर्षानुवर्षे सुटत नाही. हे सारे भाऊबीजेच्या ताटात तबकासारखे पुढे करून, तिच्या नवऱ्यादेखत, 'एवढेही करणार नाहीस का भावासाठी?' म्हणून विचारण्यात कसली माया? तिने दिले नाही तर ती कठोर, दिले तर तो अडकलेला.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. धाकट्याचा प्रबंध पुरा होत आला आहे. "मास्तर, मी अर्ज मागे घेतला तर त्याला दिवाळीला आईकडे येता येईल का हो?" तिने विचारले. अर्ज मागे घेता येतो. मी तो फॉर्म पुन्हा काढून वाचला. प्रश्नात 'कधी' हा शब्द आहे.