हिरवळीवर चालू नये

ही पाटी तुम्ही पाहिली आहे. सोसायटीत, आयटी पार्कात, मोठ्या हॉस्पिटलच्या दारात. शेजारी बहुधा तिची धाकटी बहीण उभी असते: ‘फुले तोडू नयेत’. जिच्यावर चालायचं नाही आणि जिच्यातलं काही तोडायचं नाही, तिला बाग म्हणणं आपण बंद केलं पाहिजे. पाणी पिणारं कारपेट म्हणू या फार तर.

आधी पाण्याचंच बोलते. मी राहते ती सोसायटी पुण्याच्या कडेला आहे. एप्रिलपासून टँकर. नळाला सकाळी तासभर पाणी, आणि त्याच तासात खिडकीतून खाली बघावं तर लॉनवर स्प्रिंकलर गरगर फिरतोय. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्याच्या उन्हात हिरवं राहायचं तर गवत दिवसाला पाच-सहा मिलिमीटर सहज पितं. आमचं लॉन साधारण ४०० चौरस मीटरचं. पाचच धरले तरी रोजचे २,००० लिटर झाले. म्हणजे पाच दिवसांत १०,००० लिटरचा एक अख्खा टँकर जमिनीवर ओतायचा, कशासाठी, तर बाराव्या मजल्यावरून खाली हिरवं दिसावं म्हणून.

‘आपण तर एसटीपीचं पाणी घालतो,’ असं उत्तर येतं. उन्हाळ्यात ते पुरत नाही हा एक भाग. दुसरं असं, की तेच पाणी वेगळी पाइपलाइन टाकून फ्लशला वापरता येतं. फ्लशमध्ये टँकरचं पाणी आणि गवताला एसटीपीचं, ही बचत मला तरी समजलेली नाही.

लॉनचा मूळ पत्ता इंग्लंडचा. तिथे वर्षभर भुरभुर पाऊस असतो, ऊन मवाळ असतं, गवत आपोआप हिरवं राहतं. तिथल्या उमरावांच्या वाड्यांपुढे ते आधी मेंढ्या चरून आखूड ठेवत, नाहीतर विळा चालवणारी माणसं. १८३० मध्ये एडविन बडिंगनं गवत कापायचं यंत्र काढलं आणि पुढे हा थाट मध्यमवर्गाच्याही दारात आला. त्यांचं ते त्यांना लखलाभ. आपल्याकडे पाऊस चार महिने. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, उन्हाळ्यात वाळतं, मृगात पुन्हा फुटतं. डिसेंबरात राजगडावर जाऊन सोनेरी गवतात उभं राहून फोटो टाकणारे आपणच. तोच रंग बिल्डिंगखाली दिसला की मात्र ग्रुपवर मेसेज: ‘गार्डनकडे लक्ष कोण देतंय?’

खरी गंमत हरळीची. आपल्या मातीत न विचारता उगवणारं, तुडवलं तरी न मरणारं गवत. जगभर ते ‘बर्म्युडा ग्रास’ या नावानं मैदानांवर लावतात. आमच्याकडे ते तण. माळीकाका दर आठवड्याला उकिडवे बसून ते खुरप्यानं काढतात, कारण चौरस फुटाच्या भावानं आणलेल्या ‘मेक्सिकन’ गालिच्यात ते घुसतं. आणि गणपतीत? हरळी म्हणजेच दूर्वा. तिची जुडी आम्ही कोपऱ्यावरून विकत आणतो.

असाच प्रकार पाचोळ्याचा. झाडांची पानं रोज झाडून पोत्यांत भरून बाहेर जातात आणि तेवढ्याच पोत्यांतून गांडूळखत विकत आत येतं. खाली पसरलेली लाल माती तरी कुठून येते? कुठल्या तरी डोंगराचा उतार खरवडून ट्रकनं. दोन उन्हाळ्यांत ती विटेसारखी घट्ट होते, मग पुन्हा ट्रक.

शोभेची झाडं नकोत असं मी म्हणत नाहीये. देशी-विदेशीचं सोवळंही मला पाळायचं नाही. झेंडू, गुलबक्षी, देवचाफा अमेरिका खंडातून आले, सदाफुली मादागास्करची. तरी ती आपली झाली, कारण आपण ती तोडली, ओवली, माळली, देवाला वाहिली. परसातली अबोली गजऱ्यात जायची, जास्वंद पूजेच्या तबकात, कढीपत्ता शेजारणीच्या फोडणीत. शोभा होतीच, पण ती हाताळायची शोभा होती. फायकसचे छाटलेले गोळे, गोल्डन दुरांताची कुंपणं, ओळीत उभे फॉक्सटेल पाम यांचं तुम्ही काय करता? लिफ्टकडे जाताना त्यांच्या बाजूनं जाता. बस.

आमच्याकडे गेल्या वर्षीपर्यंत एक लिंबाचं झाड होतं. कुणी लावलं माहीत नाही. त्यावर अळ्या दिसल्या, लहान मुलांना काही होईल म्हणून कल्ला झाला, आधी फवारणी झाली, मग झाडच गेलं. २०१५ साली महाराष्ट्रानं ‘ब्ल्यू मॉर्मन’ हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं, म्हणजे आपलं नीलवंत. त्याच्या अळ्या लिंबू वर्गातल्या झाडांवरच वाढतात. आमच्या अळ्या त्याच्याच होत्या असा माझा दावा नाही. पण अळी मारून फुलपाखरू येत नाही, हे तिसरीतल्या मुलालाही ठाऊक असतं. सध्या क्लबहाउसच्या भिंतीवर फुलपाखरं आहेत. रंगवलेली.

साप निघतील, डास होतील, मुलं खेळणार कुठे, हे आक्षेप मी ऐकलेत. डास साचलेल्या पाण्यावर होतात, मोगऱ्यावर नाही. सापाची भीती खरी आहे, म्हणून झाडी पायवाटेपासून लांब ठेवा आणि आधी कचऱ्याची खोली साफ करा, कारण उंदीर तिथे आहेत. आणि मुलं? मुलांना खेळायला गवत जरूर ठेवा की. सध्या त्यांना तिथून शिट्टी वाजवून हाकलतात.

मी भाडेकरू आहे. सभेत मला मत नाही, आणि ‘भाडेकरूंनी यात पडू नये’ असं मला एकदा नीट सांगूनही झालंय. मेंटेनन्समधला लॉनचा वाटा मात्र माझ्या भाड्यातून जातो, आणि बादल्या मीही भरते. म्हणून यंदाचा प्रस्ताव तळमजल्यावरच्या काकूंच्या नावानं दिलाय. ४०० पैकी १०० चौरस मीटर लॉन काढायचं. तिथे दोन लिंबं, कढीपत्ता, सोनचाफा, मोगऱ्याचा ताटवा आणि एक तामण. पाचोळा तिथेच झाडांच्या बुडाशी. उरलेल्या तुकड्यात हरळी आली तर येऊ द्यायची, आणि मुलांना आत सोडायचं. खर्चाच्या रकान्यात काकूंनी दोन पाट्या काढण्याचे पैसेही धरले आहेत. सभा येत्या रविवारी आहे. सेक्रेटरींनी हा विषय शेवटचा ठेवलाय, ‘ऐन वेळचे विषय’ याच्या आधी.