शक्ती मुलीची, रूप कुणाचे?

१९९८ साली ‘पॉवरपफ गर्ल्स’ ही अमेरिकन मालिका कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. तीन चिमुरड्या मुली उडतात, राक्षसांना लोळवतात, शहर वाचवतात. मालिका गाजली आणि त्यांची चित्रे टी-शर्टवर, दप्तरांवर आली. मुलीचे सामर्थ्यही विकता येते, हे बाजाराने ओळखले. तेव्हापासून पडद्यावर शूर मुलींना तोटा नाही. प्रश्न एवढाच की, शक्ती देताना बाजार मुलीला रूप कुणाचे देतो?

या प्रश्नाला थेट हात घातला तो मार्व्हलच्या कमला खानने. २०१४ साली तिचे स्वतंत्र कॉमिक निघाले, २०१८ मध्ये ‘मार्व्हल रायझिंग’ या कार्टूनपटात ती आली, २०२२ मध्ये तिच्यावर मालिका झाली. कमला ही न्यू जर्सीत वाढलेली, पाकिस्तानी आईबापांची सोळा वर्षांची सावळी मुलगी. कॉमिकमध्ये तिला रूप बदलण्याची शक्ती मिळते, तेव्हा ती पहिल्यांदा काय बनते? गोरी, सोनेरी केसांची नायिका! पण ते उसने रूप तिला सोसत नाही. पुढे ती पोहण्याच्या बुर्किनीपासून स्वतःचा पोशाख करते आणि स्वतःच्या रूपात लढते. हे घडले, कारण संपादकाच्या खुर्चीत सना अमानत ही त्याच समाजातली, न्यू जर्सीतच वाढलेली स्त्री होती. हे लक्षात घेतले पाहिजे.

कमलाला जे वाटले, ते आपल्याकडच्या मुलीला रोज शिकवले जाते. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या जाहिरातींनी मुलींना सांगितले की, गोरी झालीस तर नोकरी मिळेल, नवरा मिळेल. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध रान पेटले, तेव्हा कुठे नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. कार्टूनची कथा वेगळी नाही. २००८ साली सुरू झालेल्या ‘छोटा भीम’मध्ये लाडू खाऊन बळ येते ते भीमला, लाडू पुरवते ती चुटकी. आणि दांडगाई करणाऱ्या मुलाचे नाव काय? कालिया! ज्या देशात रंगावरून जात ताडली जाते, तिथे हे नाव सहज पडलेले नसते.

‘पोरींना फॅशनचे वेड लागले आहे’ असे म्हणून हा विषय झटकता येणार नाही. पोशाख ही किरकोळ बाब नाही, हे बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे बोलताना स्पष्ट केले. अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसलेच दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. ती सवर्णांची नक्कल नव्हती; लादलेली खूण अंगावर वागवायला तो नकार होता. बाजाराची फॅशन मात्र मुलीला आधी तिच्यात काहीतरी कमी आहे असे पटवते आणि मग ती उणीव भरून काढायला माल विकते. म्हणून आपल्या मुलीने जीन्स घातली तर तिला अडवू नका. ती आरशासमोर स्वतःच्या रंगाची लाज बाळगत असेल, तर मात्र तिच्याशी जरूर बोला.

आपल्याकडे नायिकांची वाण आहे काय? १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणारी मुक्ता साळवे फुले दाम्पत्याच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती. तिला पडद्यावर आणायला परकी कंपनी येणार नाही. त्यासाठी आपल्याच मुली चित्रकलेत, ॲनिमेशनमध्ये, पटकथालेखनात शिरल्या पाहिजेत. डॉक्टर, इंजिनिअर होण्याइतकेच हे शिक्षण मोलाचे आहे, हे पालकांनी आता ओळखावे. ज्यांच्या हाती ब्रश असतो, तेच नायिकेचा रंग ठरवतात.