नट आवळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

बँकेच्या सेवेत असताना एका प्रकारच्या खात्याचे मला सदैव भय वाटे. हप्ता थकला की कर्जदारास नवे कर्ज द्यायचे, त्यातून जुना हप्ता भरून घ्यायचा आणि खाते कागदोपत्री सुदृढ दाखवायचे. असे खाते शेवटपर्यंत तक्रार करीत नाही आणि बुडते तेव्हा एकदम बुडते. निवृत्तीनंतर हाच प्रमाद माझ्या हातून घडला. कर्जखात्यात नव्हे, स्कूटरच्या मागच्या ब्रेकमध्ये.

गेल्या आषाढातील गोष्ट. डाव्या हाताचा ब्रेक फार खोल जाऊ लागला होता. मागच्या चाकाजवळचा नट दोन फेरे आवळला की तो पूर्ववत लागे. दोन महिन्यांत तीनदा असे केले आणि गॅरेजचा खर्च वाचवल्याचे समाधान मानले. एके संध्याकाळी नातीला मागे बसवून अंजूर फाट्याहून परतत होतो. पुलाच्या उतारावर पुढचा टेम्पो अकस्मात थांबला. डावा लिव्हर दाबला, तो थेट मुठीला टेकला. उजव्या हाताच्या पुढच्या ब्रेकने गाडी कशीबशी थांबली, तेव्हा टेम्पो वीतभर अंतरावर होता. नातीला काहीच कळले नाही; मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने चाक उघडून दाखवले. ड्रमच्या आत अर्धवर्तुळाकार दोन ब्रेक शू असतात. लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, शू बाहेर फाकतात आणि त्यांवरील लायनर ड्रमला घासून चाक थांबवते. माझ्या गाडीचे लायनर संपून शूचा धातूच ड्रमला घासत होता. ड्रम हा चाकाचाच भाग असल्याने शूबरोबर चाकही बदलावे लागले. नट आवळल्याने केवळ केबलचा सैलपणा जातो. झिजलेले लायनर परत येत नाही. मी तोटा लपवीत होतो, भरून काढीत नव्हतो.

वास्तविक या खात्याचा लेखापरीक्षक चाकापाशीच बसलेला असतो. बहुतेक स्कूटरच्या मागच्या ब्रेकच्या दांडीपाशी एक लहान बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण. कोणाला तरी ब्रेक पूर्ण दाबून धरावयास सांगावे आणि आपण मागून पाहावे. बाण खुणेला भिडला असेल, तर नटास हात लावू नये. दोन्ही शू एकत्रच बदलावेत.

बाण खुणेपासून दूर असेल, तरच घरी जुळवणी करावी. इंजिन बंद करून गाडी डबल स्टँडवर लावावी. ब्रेक लागू लागण्यापूर्वी लिव्हरचे टोक किती मोकळे हलते ते पट्टीने मोजावे. साधारणतः १० ते २० मिलिमीटर मोकळीक असावी. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. मोकळीक अधिक असल्यास नट अर्धा-अर्धा फेरा आवळावा आणि त्याची खाच दांडीच्या पिनेवर नीट बसली आहे ना, ते पाहावे. शेवटी चाक हाताने फिरवावे. ते अडखळता कामा नये. सतत घासणारा ब्रेक तापतो आणि लायनर जाळतो.

इतर लक्षणेही ओळखून ठेवावीत. लिव्हर सोडल्यावर सावकाश परतत असेल, तर केबल गंजलेली किंवा आतील भाग कोरडा पडलेला असतो. जुळवणी योग्य असूनही पकड नसेल, तर लायनर गुळगुळीत झाले असावे किंवा त्यावर गियर ऑइल गळत असावे. तेल प्यालेले लायनर पुसून वापरू नये. साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर पकड तात्पुरती मंदावते. सावकाश चालवीत ब्रेक चार-पाच वेळा हलकेच दाबला की तो सुकतो. आणि ब्रेक किंचाळतो म्हणून ड्रममध्ये तेल सोडण्याचा अविचार कोणीही करू नये.

मागचे चाक काढणे मात्र घरचे काम नव्हे. अनेक स्कूटरना त्यासाठी सायलेन्सर उतरवावा लागतो आणि ॲक्सलचा नट ठरावीक जोराने आवळावा लागतो. ते मिस्त्रीकडून आपल्यासमोर करून घ्यावे. ड्रममधील धूळ फुंकून उडवू देऊ नये, ओल्या फडक्याने पुसावयास सांगावे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

आपल्या भिवंडीत स्कूटरवर माणसांबरोबर कापडाचे तागे आणि सुताच्या गोण्याही वाहिल्या जातात, आणि पुष्कळदा ती गाडी चालवणारा दुकानातील नोकर असतो. गाडी आपली, तशी जबाबदारीही आपलीच. म्हणून मी आता एक साधी शिस्त पाळतो. नट आवळला की घरखर्चाच्या वहीत तारीख आणि किलोमीटर लिहितो. दोन नोंदींतील अंतर घटू लागले, की बाणाची वाट न पाहता चाक उघडून घेतो. येत्या सुट्टीच्या सकाळी आपणही आपल्या गाडीमागे क्षणभर वाकून तो बाण पाहावा, एवढीच विनंती.