वाढते घर

घर बांधावयाचे म्हटले की आपल्याकडील माणूस प्रथम पतपेढीचा उंबरठा झिजवू लागतो. घर एकदाच बांधावे आणि पुरतेच बांधावे, अशी आपली समजूत. चार खोल्या, वर स्लॅब, पुढे ओटा. आणि मागे पंधरा वर्षांचे हप्ते. घर उभे राहते आणि घरधनी वाकतो. थोडके बांधून थांबणे मात्र कमीपणाचे वाटते. या समजुतीला इंदूर शहराच्या कडेला एका वास्तुशिल्पज्ञाने विटा-मातीतच उत्तर दिले आहे. ते आमच्या वाचकांस ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

बाळकृष्ण दोशी हे ते गृहस्थ. जन्म १९२७ साली पुण्यास. घराण्याचा धंदा लाकडी सामानाचा. पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम करून ते परतले आणि अहमदाबादेस स्थिरावले. तेथील ‘संगाथ’ ही त्यांची कचेरी पाहण्याजोगी आहे. ती अर्धी जमिनीत उतरविलेली. वर कमानदार छते आणि त्यांवर चिनी मातीच्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविलेले. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो आणि भोवतालची माती गारवा राखते.

इंदूरची ‘अरण्य’ वसाहत १९८९ साली पुरी झाली. विकास प्राधिकरणाची जागा सुमारे ८५ हेक्टर, भूखंड सुमारे ६५००; त्यांतील बहुतेक गरिबांसाठी, आणि सर्वांत लहान भूखंड अवघा ३५ चौरस मीटरांचा. अशा ठिकाणी सरकारी खाक्याप्रमाणे एकसारख्या चाळी उठल्या असत्या. दोशींनी तसे केले नाही. गरीब कुटुंबास त्यांनी दिले ते जोते, शौचकूप व न्हाणी, आणि फार तर एक खोली. पुढील खोली, जिना, माडी, ओटा हे सारे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व गरजेप्रमाणे वाढवावयाचे. ते कसे वाढेल हे दाखविण्यासाठी नमुन्याची ८० घरे बांधून दिली. दहा-दहा घरांचा एकेक पुंजका, प्रत्येकाच्या मागे अंगण. शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकींस लागून असल्याने कमी भिंती उन्हात येतात, आणि अरुंद गल्ल्यांत सावली टिकते. विजेच्या पंख्याआधीच तेथे गारव्याची सोय झाली.

नमुन्याची ती घरेही रहिवाशांनी पुढे मोडूनजोडून पार बदलली. आमच्या मते हीच त्या योजनेची सार्थकता होय. १९९५ साली अरण्यास आगाखान पुरस्कार मिळाला. २०१८ साली दोशींना प्रित्झकर पारितोषिक लाभले, आणि तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. जानेवारी २०२३ मध्ये ते निवर्तले.

कोणी म्हणेल, ‘अर्धे घर अर्धेच राहते आणि उघड्या सळया गंजतात.’ आक्षेप खरा आहे. म्हणूनच वाढते घर आणि रखडलेले घर यांतील भेद ओळखावयास हवा. रखडलेल्या घरात आज राहता येत नाही. वाढत्या घरात पहिल्या दिवसापासून राहता येते. मात्र पुढचा विचार आधी करावा लागतो. वर माडी चढवावयाची असेल तर पाया तिच्या भाराचा हवा; तो जाणत्या अभियंत्यास विचारूनच घालावा. जिन्याची जागा मोकळी सोडावी. पाणी व शौचकूप प्रथम, शोभा शेवटी. धाकट्याचे लग्न झाल्यावर त्याची खोली कोणत्या बाजूस निघेल, हे आजच कागदावर रेखावे. नाही तर पुढे भावाभावांत भिंत उभी राहते, आणि ती विटांची नसते.

दोन खोल्यांचे फेडलेले घर हे चार खोल्यांच्या गहाण घराहून मोठे असते. पावसाळा सरला की गावोगाव पाये खणले जातील. कुदळ मारण्यापूर्वी घरातील सर्वांनी, सुनांसकट, एक संध्याकाळ एकत्र बसून एवढे ठरवावे : आज काय बांधावयाचे, आणि उद्यासाठी काय मोकळे ठेवावयाचे.