ड जीवनसत्त्व : 'अपुरे' या शेऱ्याचा अर्थ

'संपूर्ण शरीर तपासणी'चे पॅकेज घेतले की अनेकांच्या अहवालात ड जीवनसत्त्वाचा आकडा ठळक अक्षरांत येतो. २२ किंवा २६ नॅनोग्रॅम, आणि शेजारी शेरा 'अपुरे'. मग साठ हजार युनिटच्या गोळ्या सुरू होतात. त्या थांबवायच्या कधी, हे कोणी सांगत नाही.

हा शेरा आला कुठून? २०११ साली अमेरिकेतल्या दोन संस्थांनी दोन वेगळी उत्तरे दिली. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या मते हाडांसाठी जवळजवळ सर्वांना २० नॅनोग्रॅम पुरेसे होते. एंडोक्राइन सोसायटी या अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनेने मात्र ३० ची रेघ ओढली आणि त्याखालच्या पातळीला 'अपुरे' म्हटले. ही दुसरी रेघ अनेक प्रयोगशाळांनी उचलली आणि धडधाकट माणसे कागदावर आजारी ठरली. जून २०२४ मध्ये याच सोसायटीने ३० च्या रेघेला असलेला आपला पाठिंबा काढून घेतला. निरोगी प्रौढांची ही तपासणी सरसकट करू नये, असेही सुचवले. छापील अहवालांवर जुनी रेघ अजून दिसते.

अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ जण होते. त्यातल्या निम्म्यांना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व दिले, पण त्यांची हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र कमतरता पाहून या लोकांची निवड केलेली नव्हती. त्यामुळे हा निष्कर्ष खऱ्या कमतरतेला लावता येत नाही.

खरी कमतरता असतेच. आकडा १०-१२ च्या खाली, कंबर-मांड्यांची हाडे दुखणे, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, मुलांचे पाय वाकणे. घराबाहेर न पडणारे वृद्ध, फिट्सची काही औषधे घेणारे, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे रुग्ण यांचाही आकडा गांभीर्याने घ्यायला हवा. अशा वेळी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि गरजेनुसार पॅराथॉर्मोन पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

आकड्यापुढचे एककही वाचावे. ब्रिटनमध्ये अहवाल नॅनोमोलमध्ये येतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे अडीच नॅनोमोल. लंडनमधल्या मुलाचे ६० आणि पुण्यातल्या आईचे २४ ही पातळी एकच, आईने उगाच काळजी करू नये.

घोटाळा होतो तो डोसात. साठ हजारांची गोळी साधारणतः आठवड्यातून एक, अशी आठ आठवडे देतात. ती चुकून रोज घेतली, किंवा वरून लाखो युनिटची इंजेक्शने वारंवार टोचून घेतली, तर हे जीवनसत्त्व चरबीत साठत जाते आणि रक्तातले कॅल्शियम वाढते. खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, उलट्या, वृद्धांमध्ये गोंधळल्यासारखे वागणे, ही त्याची लक्षणे. पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी गोळ्या थांबवून त्याच दिवशी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासावे. एरवी उपचारानंतर फेरतपासणी लागलीच, तर ती तीन महिन्यांनी. त्याआधी पातळी स्थिरावलेली नसते.